मखमलचा हात

त्याचं खरं नाव गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. सगळे त्याला मखमल म्हणत. वस्तरा गालावरून फिरतोय की कुणी नुसता हात फिरवतंय हे कळायचं नाही, म्हणून मखमल. घरच्या चहातही ज्यांना खोट सापडायची असे पट्टीचे तक्रारखोरसुद्धा त्याच्या खुर्चीत बसले की डोळे मिटून गप्प व्हायचे. अर्धे तर घोरायला लागायचे. "माझ्याकडे लोक दाढीला नाही, झोपायला येतात," असं तो म्हणायचा आणि त्यात थोडा गर्व असायचा. का नसावा? ज्याच्या हातात धारदार पातं आहे त्याच्यापुढे गळा उघडा टाकून घोरायचं, म्हणजे विश्वासाची कमालच झाली.

दुकान एका खुर्चीचं. आरसा मोठा, खुर्ची जुनी आणि बाहेर एक लोखंडी शटर. हे शटर त्याचा जन्माचा वैरी होतं. खाली ओढलं की ते अर्ध्यावर अडकून बसायचं. मग त्याला लाथ घालायची, शिव्या द्यायच्या आणि शिव्या दिल्याबद्दल लगेच देवाची माफी मागायची, हा मखमलचा रोजचा संध्याकाळचा कार्यक्रम.

माफी तो मनापासून मागायचा. चर्चच्या मंडळीतला तो जुना माणूस. उपासनेला कधी चुकला नाही. उपासनेत प्रत्येकाला तुकडा देतात ती प्रभुभोजनाची भाकर कापायचं काम कित्येक वर्षं त्याच्याकडेच होतं, कारण इतके सारखे, नेटके तुकडे दुसऱ्या कुणाला जमायचे नाहीत. रविवारी सकाळी मागच्या खोलीत उभं राहून तो सुरीने भाकर कापायचा तेव्हा त्याची जीभ दातांमध्ये धरलेली असायची, शाळेतल्या पोरासारखी.

अशा माणसाच्या वाट्याला हे यावं.

दुपारची वेळ होती. खुर्चीत हेडमास्तर होते. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी गल्लीला ते हेडमास्तरच. त्यांनी मान मागे टाकून सूर लावला होता आणि मखमल हनुवटीखालची जागा करत होता. गळ्याची शीर कातडीखाली हलकेच उडत होती, जशी प्रत्येकाची उडते. आणि मखमलच्या डोक्यात आलं: आत्ता इथे जोरात ओढलं तर?

त्याचा हात थांबला. हेडमास्तरांशी त्याचं काही वाकडं नव्हतं, उलट त्याच्या मुलीला गणित त्यांनीच शिकवलं होतं. मग हे आलं कुठून? तुमच्याआमच्या डोक्यात असलं काही आलं तर आपण "छे, काहीतरीच" म्हणून झटकतो. गच्चीवरून खाली बघताना उडी मारली तर, असं कुणाच्या मनात येऊन गेलं नाही? येतं आणि जातं. मखमलने त्याला जाऊ दिलं नाही. त्याने त्याला धरून ठेवलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि घाबरला.

त्याला कारण होतं. मनातला राग आणि हातून झालेला खून यांत देवाच्या नजरेला फार अंतर नाही, हे तो लहानपणापासून मंडळीत ऐकत आला होता. ऐकणारे बाकीचे लोक जरा ओशाळतात, घरी जातात आणि जेवतात. मखमलने ते शब्दाला शब्द धरलं. मनात आलं म्हणजे झालंच की. हेडमास्तर समोर घोरत होते आणि मखमलच्या लेखी ते मेलेले होते, त्याच्या हातून.

त्या दिवसापासून तो विचार मुक्कामालाच आला. गिऱ्हाईक बसलं की हा हजर. मखमलने त्याच्यावर उपाय काढला. वस्तरा उचलण्याआधी मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना पूर्ण म्हणायची. मधे विचार आला तर प्रार्थना बाटली, म्हणजे पहिल्यापासून. मग दाढीच्या मधे आला तर? तर फेस पुसायचा, नवा फेस लावायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. प्रार्थनेने आधी बरं वाटायचं, हेच वाईट झालं. कारण ते बरं वाटणं दिवसेंदिवस आखूड होत गेलं आणि प्रार्थना लांबत गेली. लोकांचे गाल सोलवटून लाल झाले. कुणीतरी म्हणालं, "मखमलचा आता काथ्या झालाय." दुकान हसलं. मखमलही हसला आणि मागे जाऊन तुरटी शोधण्याच्या निमित्ताने भिंतीला टेकून उभा राहिला.

घरी तर आणखी तऱ्हा. एके दिवशी बायकोला सुरी सापडेना. दुसऱ्या दिवशी कात्री गेली. मग बटाटे सोलायचं सोलाणं, मग विणकामाच्या सुया. बायको बिचारी चोर शोधत होती. हा कसला चोर, जो सोन्याच्या बांगड्या ठेवतो आणि सोलाणं नेतो? तिने नवी सुरी आणली आणि कांदा चिरायला बसली, तर नवरा उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसला. आत या म्हटलं तर येईना. तिच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. दुसरी कुणी आहे की काय, इथपर्यंत तिची मजल गेली.

शेवटी जिन्यावर त्याच्या शेजारी बसून तिने विचारलं, "अहो, काय झालंय? माझा कंटाळा आलाय का?"

"तू सुरी घेऊन माझ्यासमोर येऊ नकोस," तो म्हणाला. "मी तुला मारून टाकीन."

मग त्याने सगळं सांगितलं. सांगताना तो रडत होता. बायकोने ऐकून घेतलं, पण ऐकता ऐकता ती एक पायरी खाली सरकली. ते तिला कळलंही नाही. मखमलला कळलं. त्याच्यावरून खात्रीच पटली त्याची, की आपण आहोतच तसे.

पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, कानावर हे गेलं ते भाकरीमुळे. त्या महिन्यात प्रभुभोजनाची भाकर कापलेली नव्हती, हाताने तोडलेली होती. कुणाला चिमटीत न मावणारा लचका, कुणाला नुसता चुरा. पुढच्या बाकावरच्या आजीबाईंना एवढा तुकडा मिळाला की पुढची दोन गाणी त्या तोंड मिटून चावतच होत्या. उपासना संपल्यावर पाळक मागच्या खोलीत गेले. मखमल रिकामं ताट धरून उभा होता.

पाळक म्हणजे मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. कुणाचं बूड दुखलं तरी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणारा. दर शनिवारी सकाळी ते मखमलकडेच दाढी करायचे, कारण रविवारी चेहरा चकचकीत हवा. मखमलचं ऐकून त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी मंडळीतले दोन वडीलधारे बोलावले. तिघांनी त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवले आणि त्याच्यात शिरलेल्या दुष्टाला निघून जायला सांगितलं, चांगलं ठणकावून. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मान्य. पण तोवर मखमलला नुसती भीती होती. आता तिला नाव मिळालं. आपल्यात कुणीतरी शिरलंय, आणि ही गोष्ट पाळकांनाही माहीत आहे.

एक दिवस बरा गेला. मग तो पाळकांच्या दारात जाऊन उभा राहू लागला. "पाळकसाहेब, पुन्हा आला. मला क्षमा आहे ना? एकदा सांगा." पाळक सांगायचे. तो तोंडभर आभार मानून निघायचा आणि कोपऱ्यावरून परत यायचा. पाळक न कंटाळता पुन्हा सांगायचे. पाळकांना वाटायचं, आपण तहानलेल्याला पाणी देतोय.

मखमलची बायको एकदा चर्चमध्ये पाळकांना म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या का?" त्यावर त्या दोघांपैकी एक वडीलधारे म्हणाले, "डोक्याच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडला असं होईल, वहिनी."

"तुमच्या मोतीबिंदूला आम्ही कुठे हात लावून बसलो होतो?" ती म्हणाली. "ऑपरेशनच केलंत ना?"

पण तिनेही विषय तिथेच सोडला, कारण तिलाही डॉक्टरची भीती वाटत होती. डॉक्टरने सांगितलं की हा माणूस खरंच धोकादायक आहे, तर? घेऊनच गेले त्याला, तर? त्यापेक्षा प्रार्थना बरी, निदान माणूस घरी तरी राहतो.

आणि मग तो रविवार. पाळकांनी उपदेशाला धडा घेतला, उजव्या हाताने पाप घडत असेल तर तो हात तोडून टाकावा, त्याबद्दलचा. पाळक सांगत होते वाईट सवयींविषयी, त्या मुळापासून काढाव्यात याविषयी. सगळ्या मंडळीला ते कळलं. मखमलला फक्त हात कळला. तो बाकावर बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला, ज्या हाताचं आख्ख्या गल्लीने कौतुक केलं होतं.

शनिवारी सकाळी पाळक नेहमीप्रमाणे दाढीला आले. दुकानापाशी येऊन बघतात तर मखमल उंबऱ्यावर गुडघे टेकून बसलेला. उजवा हात शटर टेकतं त्या लोखंडी पट्टीवर सपाट ठेवलेला आणि डाव्या हाताने शटरला बांधलेली दोरी सगळ्या जोराने खाली ओढतोय. शटर अर्ध्यावर येऊन अडकलं होतं. रोजच्यासारखं. तो ओढत होता, ओढत होता आणि रडत शटरला शिव्या देत होता.

पाळकांना क्षणभर काही कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी त्याला कवेत धरून आत ओढलं आणि खुर्चीत बसवलं. तो मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे, ते कुजबुजले, "हे काय करत होतास?"

"तुम्हीच सांगितलं ना," मखमल म्हणाला. त्यात दोष देणं नव्हतं. तो खरोखरच आज्ञा पाळत होता.

पाळक खाली फरशीवरच बसले. नेहमीची प्रार्थना त्यांच्या ओठांवर आली असेल, पण त्यांनी ती म्हटली नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, "चल. आपण डॉक्टरकडे जाऊ. वहिनींना बोलाव. मी बरोबर येतो."

"मला धरून ठेवतील?"

"माहीत नाही रे," पाळक म्हणाले. "पण मी बाहेर बसून राहणार आहे. तू येईपर्यंत हलत नाही."

डॉक्टरबाईंच्या खोलीत काही भयंकर नव्हतं. एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीत एक कोमेजलेलं रोप, ज्याला पाणी घालायला बहुतेक कुणाला सवड नव्हती. मखमलने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. बायको एका बाजूला, पाळक दुसऱ्या. त्याने बाहेर नव्हे, आतच बसा म्हणून हट्ट धरला होता.

डॉक्टरबाईंनी पुष्कळ विचारलं. विचार आला की मजा वाटते का? मखमल असा दचकला, जणू कुणी चटका दिला. "किळस येते. मरावंसं वाटतं."

"मरायचं ठरवलंय?"

"नाही. फक्त हात."

बाईंनी तो हात मागितला, पाहिला, बोटं हलवून बघितली. मग म्हणाल्या, "हा मंत्रचळ आहे. आजाराचं नाव आहे. नको तो विचार येतो, माणूस घाबरतो, आणि भीती घालवायला काहीतरी पुन्हा पुन्हा करत राहतो. कुणी हात धुतं, कुणी कुलूप तपासतं. तुम्ही प्रार्थना करता. विचार सगळ्यांनाच येतात हो. तुम्हाला ज्याची सगळ्यात जास्त भीती, त्याच जागी आजार बोट ठेवतो."

पाळकांना राहवलं नाही. "डॉक्टर, पण हे सैतानाचं काही नाही ना?"

"मला सैतानाचा अभ्यास नाही," बाई म्हणाल्या. "या आजाराचा आहे. अशी माणसं बरी होतात, ते मी पाहिलंय."

त्यांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की त्या काही आठवडे तरी लागू पडणार नाहीत, मधेच सोडायच्या नाहीत. हाताला काही करावंसं वाटलं तर बायकोला सांगायचं आणि सरळ इथे यायचं, दिवस असो की रात्र. मग त्या पाळकांकडे वळल्या. "क्षमा आहे, क्षमा आहे, असं तुम्ही त्यांना किती वेळा सांगता?"

"तो विचारेल तेव्हा."

"ते आता बंद."

पाळकांचा चेहरा पडला. "म्हणजे मी प्रार्थना करायची नाही?"

"खुशाल करा. पण भीती उतरवायचा काढा म्हणून पाजू नका. एकदा सांगितलंत ना? तेवढ्यावर त्यांना राहू द्या."

परतताना पाळक म्हणाले, "एकदा सांगितलेलं पुरतं, असंच तर मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगतोय. तुला मात्र रोज नव्याने सांगत बसलो."

पुढचे दिवस वाईट होते. मखमल पाळकांच्या दारात जायचा. "मला क्षमा आहे ना?" पाळक दार उघडून म्हणायचे, "तू आलास, बरं वाटलं. चहा घेतोस?" आणि त्यापुढे एक शब्द नाही. मखमलला वाटायचं, त्यांनी मला टाकलं. पाळकांचाही जीव तुटायचा; त्यांची बायको सांगते की तो गेल्यावर ते आत जाऊन उशीत तोंड खुपसून बसायचे. पण त्यांनी सांगितलं नाही.

घरी सुऱ्या आणि कात्र्या परत आल्या. एका ट्रंकेत होत्या. ट्रंकेची किल्ली त्याने गटारात टाकली होती, तेव्हा कुलूप तोडावं लागलं. बायको त्याच्यासमोर कांदा चिरायला बसायची आणि त्याने तिथेच बसायचं, प्रार्थना न म्हणता, जिन्यावर न पळता. पहिल्या दिवशी दोघांच्याही डोळ्यांतून धारा लागल्या. "कांदा आहे," ती म्हणाली. तो कित्येक महिन्यांनी हसला, आणि तेवढ्यात विचार आला, आणि हसू विझलं. पण तो उठला नाही. ती पायरीभर सरकली होती ना, त्याची भरपाई म्हणा, ती सुरी घेऊन त्याला चिकटून बसायची. आतून तिचीही पाचावर धारण बसलेली असायची. ते तिने खूप नंतर कबूल केलं.

मग फुगा. नवशिक्या कारागिराला फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून वस्तरा फिरवायला शिकवतात. मखमलही तसाच शिकला होता. डॉक्टरबाईंना हे त्यानेच सांगितलं, तर त्यांनी तेच करायला लावलं. चांगला मुरलेला कारागीर, आणि आरशासमोर फुग्याची दाढी करतोय. पहिला फुगा फटकन फुटला आणि मखमल वस्तरा टाकून खुर्चीमागे जाऊन बसला. कितीतरी वेळ बाहेर येईना. दुसरा टिकला.

गोळ्यांनी विचार गेला असं झालं नाही. त्याचा आवाज खाली आला, एवढंच. आधी तो कानात ओरडायचा, आता शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा यायचा. पण यायचा.

आणि एका शनिवारी सकाळी पाळक दाढी वाढवून दुकानात आले. चांगली वाढवलेली. रविवारमागून रविवार मंडळीने ती खुसपुसत सहन केली होती. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाईंनी सांगितलंय म्हणे, आता माणूस घ्यायचा."

"दुसरं कुणीतरी घेऊ," मखमल म्हणाला. "तुम्ही नको."

"मीच. फेस कर."

त्याने पाळकांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. फेस केला. पाळकांनी मान मागे टाकली आणि तोंड मिटलं. एरवी खुर्चीत बसल्या बसल्या मंडळीच्या सगळ्या भानगडी सांगणारा माणूस, आज एक अक्षर नाही. प्रार्थनाही नाही. निदान ऐकू येईल अशी नाही.

गाल झाले. मखमल हनुवटीखाली आला. शीर उडत होती. विचार आला, अगदी वेळेवर: आत्ता ओढलं तर? ओठांवर प्रार्थनेचे पहिले शब्द आपोआप आले, त्याने ते तसेच अर्ध्यावर सोडले. फेस पुसून पहिल्यापासून करावं म्हणून डावा हात रुमालाकडे गेला आणि परत आला. विचार तिथेच उभा. वस्तरा तिथेच. त्याने वस्तरा हलवला, वरून खाली, हळू.

तेव्हा त्याला दिसलं की कापड हलतंय. कापडाखाली पाळकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले होते आणि त्यांच्या मुठी थरथरत होत्या.

मखमल थांबला. "तुम्ही घाबरलात."

"हो," पाळक डोळे मिटूनच म्हणाले. "फार."

"मग उठा ना."

"तू घाबरलायस का?"

"हो."

"तू उभा आहेस ना? मग मी बसतो."

मखमलने उरलेली दाढी केली. कशी केली ते त्याला आठवत नाही. ओल्या टॉवेलने चेहरा पुसला, तुरटी फिरवली, वस्तरा खाली ठेवला, आणि आरशाची फळी धरून उभा राहिला. पाळकांनी आरशात पाहिलं. गालावरून हात फिरवला, गळ्यावरून फिरवला आणि त्यांची बोटं एका जागी थांबली. कानाखाली, शिरेच्या अगदी वर, केसांचा एक पुंजका तसाच राहिला होता. वस्तऱ्याने त्या जागेला टाळलं होतं.

दोघांनीही तो पाहिला. चालेल, असं म्हणून पाळक उठले असते तर मखमल त्यांच्या पाया पडला असता. पाळकांचाही चेहरा पांढरा होता. त्यांनी खुर्चीचे हात पुन्हा धरले.

"इथे राहिलंय," ते म्हणाले, आणि मान मागे टाकली.

मखमलने ब्रश पाण्यात बुडवला.